उदास मन आणि खेळाचे मैदान



२०२४ च्या आरंभीची गोष्ट. तुरीच्या राशी नुकत्याच घरी आल्या होत्या. संध्याकाळची मिस्सा आटोपून मी चर्चच्या दाराशी उभा होतो. मंडळी पांगली, तरी एक माउली जागची हलेना. पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळीत ती हळूच म्हणाली, "फादर, माझ्या लेकरासाठी प्रार्थना करा. रात्र रात्र जागंच असतंय. भाकर ताटात तशीच राहते. कुणाशी बोलत नाही. शेजारीपाजारी म्हणतात, नजर लागली."

तिचा हा धाकटा मुलगा विशीतला. पुण्यास एका कारखान्यात कामाला होता. काम सुटले, तसा तो गावी परतला आणि घराच्या मागल्या खोलीत बसून राहू लागला. दुसऱ्या दिवशी मी त्यास बोलावून घेतले. त्याच्या हाती जपमाळ दिली आणि म्हणालो, "बाळा, तुझी श्रद्धा कमी पडते आहे. रोज जपमाळ करीत जा. सारे ठीक होईल." त्याने मान हलविली आणि तो निघून गेला. आपण आपले कर्तव्य केले, अशा समाधानात मी होतो.

तीन आठवड्यांनी, पहाटेच्या अंधारात, त्याचा थोरला भाऊ माझ्या दाराशी आला. धाकटा रात्री 'मला आता जगायचे नाही' असे म्हणून घरातून निघाला होता. आईने हाक दिली, भाऊ मागे धावला आणि शिवारातून त्यास हाताला धरून परत घेऊन आला. परमेश्वराची कृपा, म्हणून तो वाचला. माझ्या उपदेशाने तो वाचला नाही. उलट, आधीच वाकलेल्या त्या पोराच्या पाठीवर 'तुझी श्रद्धा कमी आहे' हा आणखी एक दगड मी ठेवला होता. 'तू झोपतोस का? जेवतोस का? तुझ्यासोबत कोण आहे?' हे साधे प्रश्न मी विचारलेच नव्हते.

त्या मुलाच्या संमतीनेच मी हे लिहीत आहे. त्याचे नाव व गाव मात्र येथे देत नाही. लिहिण्याचे कारण एवढेच की, बीदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात, आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतून आणि इतरही घरांतून, अशी माणसे आहेत. त्यांचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कोणी त्यास आळस म्हणतो, कोणी नजर म्हणतो, तर माझ्यासारखा एखादा धर्मगुरू श्रद्धेचा अभाव म्हणून मोकळा होतो.

संदेष्ट्याचे दुखणे आणि देवाचा उपचार

माझी चूक मला पवित्र शास्त्रानेच पुरती उलगडून दाखविली. त्याच वर्षी ११ ऑगस्टला, सामान्य काळातील एकोणिसाव्या रविवारी, पहिले वाचन होते राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातले. हा उतारा मी अनेकदा वाचला होता. परंतु त्या दिवशी तो माझ्यासाठीच लिहिला आहे, असे वाटले.

एलीया हा काही दुबळ्या श्रद्धेचा पुरुष नव्हे. कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशे पुजाऱ्यांसमोर तो एकटा उभा राहिला. त्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला. दुष्काळ संपून पाऊस आला. त्या पावसात तो अहाब राजाच्या रथाच्या पुढे इज्रेलपर्यंत धावत गेला, असे शास्त्र सांगते. असा हा धावणारा, धगधगणारा संदेष्टा! आणि पुढल्याच अध्यायात काय दिसते? ईजबेल राणीच्या धमकीने तो घाबरतो, पळतो, आपल्या चाकरास बैर-शेबा येथे मागे ठेवतो, एकटाच दिवसभर रानात चालत जातो आणि एका रतामाच्या झुडपाखाली बसून देवापाशी मरण मागतो.

वाचकहो, कालचा विजयी वीर आज मरण मागतो, यात नवल मानण्याचे कारण नाही. मोठ्या श्रमानंतर, मोठ्या भीतीनंतर मन असे कोसळते. आता परमेश्वराने काय केले ते पाहा. त्याने एलीयास दटावले नाही. 'तुझी श्रद्धा कोठे गेली?' असे विचारले नाही. त्याने त्यास झोपू दिले. मग देवदूताने त्यास स्पर्श करून उठविले आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे पुढे केले. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठविले, पुन्हा जेवू घातले. त्यानंतर त्याच्यापुढे वाट ठेवली, होरेब डोंगरापर्यंतची चाळीस दिवस-रात्रींची वाट. तो चालत गेला. आणि तेथे, वाऱ्यात नव्हे, भूकंपात नव्हे, अग्नीत नव्हे, तर मंद शांत स्वरात देव त्याच्याशी बोलला. बोलला तेही काय? 'तू एकटा नाहीस. सात हजार माणसे अजून माझी आहेत.' आणि त्यास अलीशा नावाचा सोबती दिला.

झोप, भाकर, वाट, देवाची वाणी आणि सोबती! देवाने दिलेल्या औषधांचा हा क्रम नीट ध्यानी घ्या. मी मात्र त्या पोरास आधीची तीन आणि शेवटले एक वगळून मधलेच एक औषध देऊ पाहत होतो. तेही माझ्या मोठ्या आवाजात; मग देवाचा मंद स्वर त्यास ऐकू यावा कसा?

वाटेचे औषध

देह आणि आत्मा ही दोन वेगळी घरे नव्हेत. परमेश्वराच्या पुत्राने देह धारण केला, ही आपल्या श्रद्धेची पायाभूत गोष्ट आहे. आपला देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौलाने करिंथकरांस लिहिले. मंदिराचे दार वर्षभर बंद ठेवले, तर आत कुबट वास धरतो. देहाचेही तसेच आहे.

वैद्यकशास्त्र आज हेच निराळ्या शब्दांत सांगते. चालणे, धावणे, खेळणे यांमुळे झोप सुधारते, भूक लागते, मेंदूत मनास स्वस्थता देणारी द्रव्ये वाढतात आणि एकाच दुःखाभोवती बैलासारखे फिरत राहिलेले चित्त घटकाभर तरी घाण्यापासून सुटते. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नल या नामांकित नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. २१८ प्रयोगांतील सुमारे चौदा हजार माणसांची माहिती त्यात तपासली होती. खिन्नतेच्या विकारात चालणे किंवा हलके धावणे, योगासने आणि बलवर्धक व्यायाम यांचा खरोखर उपयोग होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. यांतील कित्येक प्रयोग पुरेसे भक्कम नाहीत, असे त्या संशोधकांनीच प्रांजळपणे सांगितले आहे; तथापि औषध व समुपदेशन यांच्या जोडीस व्यायामाला मानाचे स्थान द्यावे, असे त्यांचे मत आहे. प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि मुलांनी रोज सरासरी तासभर खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले.

हे मी एका रविवारी प्रवचनात सांगितले, तेव्हा एक म्हातारबा मिस्सेनंतर हसत म्हणाले, "फादर, आम्ही दिवसभर रानात राबतो. आणखी धावायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. शेतकऱ्याच्या देहास श्रम कमी नाहीत. परंतु कामाचा श्रम आणि खेळाचा श्रम यांत एक अंतर आहे. खुरपे हाती असते, तेव्हा बँकेचे हप्ते, सोयाबीनचा भाव, न आलेला पाऊस, लेकीचे लग्न, सारे खुरप्याबरोबर चालत असते. अंग दमते, मन मात्र ओझे खाली ठेवीत नाही. खेळात तासभर तरी ते ओझे बांधावर राहते. परमेश्वराने सहा दिवस कामाचे आणि सातवा विसाव्याचा सांगितला, तो अशाचसाठी. मनुष्य केवळ राबण्यासाठी निर्माण झालेला नाही, हे त्यास आठवड्यातून एकदा तरी आठवावे. आणि शाळकरी मुले, परीक्षेस बसणारे तरुण, शहरातून परतलेले बेकार, घराच्या चार भिंतींत दिवस काढणाऱ्या सुना, यांच्या वाट्याला तर मोकळ्या हवेतला श्रमही येत नाही.

संत पौलास धावण्याच्या शर्यतीचे मोठे प्रेम होते असे दिसते. तो करिंथ नगरात दीड वर्ष राहिला. त्या नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे मोठे खेळ भरत. देशोदेशींचे धावपटू तेथे येत आणि जिंकणाऱ्यास पानांचा मुकुट मिळे. तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलास हे सारे ठाऊक होते. म्हणून करिंथकरांस लिहिताना त्याने सरळ त्यांच्या मैदानातलाच दाखला घेतला: ते धावतात तो मुकुट सुकून जाणारा, आपला न सुकणारा. पुढे म्हातारपणी, कैदेत असताना, तीमथ्यास लिहितानाही त्याने आपल्या आयुष्याचा हिशेब पुरी केलेली धाव म्हणूनच मांडला. कैद्याच्या बेड्या पायांत असताना ज्याला धाव आठवली, त्याचे मन कैदेत नव्हते.

धावण्यास पैसा लागत नाही. पहाटेची वेळ धरावी. आपल्याकडचा उन्हाळा कडक, दुपारी धावणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. पहिल्या आठवड्यात चालावे. मग पन्नास पावले धावावे, शंभर पावले चालावे. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने जावे. ज्यांना हृदयविकार, रक्तदाब वा मधुमेह आहे त्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. आणि हे केवळ मुलग्यांसाठी नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक मिळविले. पदक दूर राहो. आपल्या लेकी-सुनांना पहाटे दोघी-तिघींनी मिळून मोकळ्या रस्त्याने तासभर फिरता यावे, एवढी वाट तरी घरच्या वडीलधाऱ्यांनी मोकळी करावी.

सोबत्याचे औषध

एकट्याने धावणे हे वाटेचे औषध. पण एलीयास शेवटी सोबतीही लागला. येथे फुटबॉलचे महत्त्व आहे. या खेळास एक चेंडू, चार दगड आणि मोकळी जागा पुरते. त्यात उंच-बुटका, गरीब-श्रीमंत, या वस्तीचा-त्या वस्तीचा, सारे लागतात. कारण चेंडू एकट्याजवळ राहून चालत नाही, तो दुसऱ्यास द्यावाच लागतो.

ख्रिस्तसभेचे आणि या खेळाचे नाते जुने आहे. गोव्यात फुटबॉल प्रथम आणला तो एका धर्मगुरूनेच. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे १८८३ साली बार्देशातील शिवोली गावी आले. प्रकृतीस आराम पडावा म्हणून ते आले होते, असे सांगतात. तेथे त्यांनी मुलांच्या शिक्षणात या खेळास स्थान दिले आणि पाहता पाहता तो गावोगावच्या चर्चपुढील मैदानात पसरला. स्वतः विसाव्यास आलेल्या एका धर्मगुरूने साऱ्या गोव्यास विसाव्याचे साधन दिले, ही परमेश्वराची लीलाच म्हणावी.

आपल्या भागासही हा खेळ परका नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बीदर व गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्याच हैदराबाद शहरातील सय्यद अब्दुल रहीम हे एक शाळामास्तर पुढे भारतीय संघाचे गुरू झाले. राज्यांची पुनर्रचना होऊन जेमतेम महिना झाला, तोच १ डिसेंबरला मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरविले. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईचा गोवेकर ख्रिस्ती तरुण होता. मुसलमान गुरू, ख्रिस्ती व हिंदू खेळाडू, आणि चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे जातो आहे! ज्यांच्या आजोबांनी हे वृत्तपत्रांत वाचले असेल, त्यांच्या नातवंडांनी 'हा आपला खेळ नव्हे' असे म्हणू नये.

आणि खेळाने मन सावरते, याचे उदाहरण हवे असेल तर नागपूरकडे पाहा. २००१ साली हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक प्राध्यापक विजय बारसे पावसात एका झाडाखाली थांबले असता, झोपडपट्टीतील काही मुले फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी त्या मुलांच्या पुढे खरा चेंडू ठेवला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. पुढे 'स्लम सॉकर' या नावाने ती देशभर पोहोचली, बेघरांच्या विश्वचषकात तिचे खेळाडू उतरले, आणि २०२२ साली 'झुंड' हा चित्रपट त्या कथेवरून निघाला. ज्या मुलांना समाजाने 'वाया गेलेली' म्हटले होते, त्यांना कोणीतरी वेळ नेमून दिली, जागा नेमून दिली आणि त्यांची वाट पाहिली. मला वाटते, चेंडूपेक्षाही त्या वाट पाहण्याने अधिक काम केले.

संत डॉन बॉस्को यांना हे मर्म दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी उमगले होते. ८ डिसेंबर १८४१ रोजी तुरीन शहरात ते मिस्सेची तयारी करीत असता, बार्थोलोम्यू गारेल्ली नावाच्या एका अनाथ मुलास चर्चच्या सेवकाने मारून हाकलून लावले. कारण त्यास मिस्सेची सेवा करता येत नव्हती. डॉन बॉस्कोंनी त्यास परत बोलावले. 'लिहिता येते का? वाचता येते का? गाता येते का?' प्रत्येक प्रश्नास नकार. शेवटी त्यांनी विचारले, 'शिट्टी तरी वाजविता येते का?' आणि तो मुलगा हसला. त्या हसण्यानंतर त्यांनी त्यास क्रूसाची खूण शिकविली. गुडघे टेकून त्याच्यासह एक 'नमो मारिया' म्हटली. आधी हसू आणि मग प्रार्थना! त्यांच्या संस्थेत पुढे प्रार्थनामंदिर आणि खेळाचे मैदान एकमेकांस लागून राहिले आणि खेळता खेळता मुले मैदानातच त्यांच्यापाशी पापनिवेदन करीत.

प्रभू येशूने तरी काय केले? गेथशेमाने बागेत त्याचा जीव मरणप्राय खिन्न झाला, तेव्हा त्याने पित्यापाशी प्रार्थना केली; पण त्याचबरोबर तीन मित्रांस 'माझ्याजवळ जागे राहा' अशी विनवणीही केली. देवाच्या पुत्रासही सोबत हवीशी वाटली, तर विशीतल्या पोरास ती लागते म्हणून आपण त्यास दुबळा का समजावे?

चार सावधगिरीच्या गोष्टी

पहिली. खेळ हे औषध आहे. पण प्रत्येक दुखण्यास एकच औषध पुरत नाही. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन रमत नाही, कानांत आवाज येतात, किंवा मरणाचे विचार येतात, असे असेल तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा. यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपल्याच विभागातील बळ्ळारी जिल्ह्यात १९८० नंतरच्या दशकात बंगळूरच्या 'निमहान्स' संस्थेने एक प्रयोग केला: प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व सेवक यांनाच मनोविकारांवर उपचार करण्यास शिकविले. तो इतका यशस्वी झाला की, १९९६ साली सुरू झालेला देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच नमुन्यावर आखण्यात आला. बीदर व कलबुर्गी येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ आहेत. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी-सेवा चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवावा. रात्री-अपरात्रीही मोफत, आपल्या भाषेत बोलता येते. हा क्रमांक देवघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. मरणाची भाषा बोलणाऱ्यास क्षणभरही एकटे सोडू नका आणि शेतीची औषधे कुलुपात ठेवा.

दुसरी. अशा माणसास पापी वा गुन्हेगार म्हणू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जिवावर उदार झालेल्या माणसास शिक्षा नव्हे तर उपचार व आधार मिळावा, हे तत्त्व स्वीकारले. ख्रिस्तसभेनेही १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट केले आहे की, आत्महत्या हे देवाच्या प्रेमाविरुद्धचे कृत्य असले, तरी तीव्र मानसिक व्यथा वा भय माणसाची जबाबदारी कमी करते, आणि अशा मृतांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. ज्या घरांतून असे कोणी गेले आहे, त्यांच्या दारात कुजबुज नेऊ नका; मिस्सेचा हेतू आणि जेवणाचा डबा घेऊन जा.

तिसरी. खेळास खेळच राहू द्या. पैज, जिंकल्यावर दारू, हरल्यावर वस्ती-वस्तीत मारामारी, हे शिरले की औषधाचेच विष होते. मुलगा हरून घरी आला तर वडिलांनी त्यास टोमणे मारू नयेत. रविवारची मिस्सा चुकवून सामना ठेवू नये. उलट मिस्सेनंतर ठेवावा, म्हणजे दोहोंचा आनंद एकच होतो.

चौथी. प्रार्थना सोडू नका. मी जपमाळेस दोष दिला नाही. माझ्या उतावळेपणास दिला. खिन्न मनास लांब प्रार्थना जड जाते. त्यास 'प्रभो, मी येथे आहे' एवढे म्हणता आले तरी पुष्कळ झाले. जपमाळेचे उरलेले मणी कुटुंबाने त्याच्या शेजारी बसून, त्याच्यासाठी ओढावेत.

चर्चमागचे मैदान

आता त्या मुलाविषयी. त्या पहाटेनंतर आम्ही त्यास जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. औषधे सुरू झाली. झोप हळूहळू परतली. ऑगस्टमधील त्या वाचनानंतर मी चर्चमागची बाभळी माजलेली जागा साफ करवून घेतली. चार बांबू रोवले. एक चेंडू आणला. संध्याकाळी साडेपाचला शिट्टी, सव्वासहाला घंटा. घंटेबरोबर सारे उभे राहून आंजेलस म्हणतात आणि घरोघर जातात. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, सारी पोरे येतात. प्रार्थनेच्या वेळी जो तो आपल्या रीतीने शांत उभा राहतो.

तो प्रथम येईना. मग दोन मुले त्याच्या घरी गेली आणि म्हणाली, "दादा, आमच्यात गोली कुणी नाही. तू नुसता उभा राहा." तो नुसता उभा राहिला. पहिल्या दिवशी पाच गोल झाले. कोणी रागावले नाही. आठवड्याने त्याने एक चेंडू अडविला, तेव्हा पोरांनी असा काही गिल्ला केला की, स्वयंपाकघरातून बायका बाहेर आल्या. माउलीने मला मागाहून सांगितले, "फादर, त्या रात्री त्यानं दुसरी भाकर मागून घेतली."

तो पूर्ण बरा झाला, असे मी लिहिणार नाही. औषध अजून चालू आहे. काही दिवस चांगले जातात, काही दिवस तो खोलीतून बाहेर पडत नाही. पण आता एक फरक आहे. पूर्वी तो महिनाभर दिसला नाही तरी कोणाच्या ध्यानी येत नसे. माझ्याही आले नव्हते. आता साडेपाचला गोलमध्ये जागा रिकामी दिसली, की कोणीतरी विचारते, "दादा का आला नाही?" आणि दोघे जण त्याच्या घराकडे निघतात. खेळाचे सारे गुण एका बाजूस ठेवले, तरी एवढा एक गुण मला पुरेसा वाटतो: मैदानावर माणसाची उणीव भासते.

पुनरुत्थानाच्या सकाळी पेत्र आणि योहान दोघेही कबरेकडे धावले. योहान तरुण, तो पुढे गेला व आधी पोहोचला. परंतु आत शिरला नाही. दाराशी थांबला, मागून धापा टाकीत येणाऱ्या पेत्रास त्याने आधी आत जाऊ दिले. पवित्र शास्त्रातील ही धाव मला सर्वांत प्रिय आहे.

आपल्याही घरात, गल्लीत, वस्तीत कोणीतरी मागे राहिले असेल. आज संध्याकाळी त्याच्या दाराशी जा. उपदेश करू नका. त्यास विचारा: झोप लागते का? जेवलास का? थोडे चालायला येतोस का? आणि तो येईपर्यंत दाराशी थांबा.